पेटी उघडी ठेव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जलरंगांसाठी सागाची पेटी करून घेतलीस, हे वाचून फार बरं वाटलं. तिच्यात चोवीस रंग बसतात हे तू अभिमानाने लिहिलंयस, तिथे मात्र मी अडखळलो. त्यातले निम्म्याहून जास्त घरी ठेव. हर्णैला संध्याकाळी होड्या लागल्या आणि मासळीचा लिलाव सुरू झाला, की कुठला निळा घेऊ यावर विचार करायला सवड मिळत नाही. अल्ट्रामरीन हा गडद निळा, एक थंड निळा, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, लाइट रेड, अलिझरिन हा किरमिजी आणि एक पिवळा, एवढ्यावर माझं कित्येक वर्षं भागलं आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या करड्यात आषाढातलं सगळं आभाळ मावतं.

पिवळ्यावरून आठवलं. जुना गॅम्बोज हा पिवळा रंग गार्सिनिया जातीच्या झाडांच्या चिकापासून करत. आपली रातांबी, म्हणजे कोकमाचं झाड, त्याच कुळातली. तो रंग उन्हात उडतो, म्हणून आता त्या नावाने बहुधा दुसरीच रंगद्रव्यं मिळतात. पण हे कळल्यापासून परसातल्या रातांब्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

आता मुख्य गोष्ट, पेटीची निगा. जलरंगात डिंक असतो, काही रंगांत मधही असतो. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीला आणखी काय हवं? एका आषाढात मी ओली पेटी मिटून ठेवली आणि पाच दिवसांनी उघडायला गेलो, तर लाकूड फुगून झाकण बसलेलं. सुरी घालून उचकटलं तेव्हा कोपऱ्याचा टवका उडाला आणि आत प्रत्येक रंगावर पांढरी लव. त्या पेटीचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून घरी आलीस की आधी पेटी उघड, रंगांवरचं पाणी फडक्याने टिपून घे आणि रात्रभर ती पंख्याखाली उघडीच राहू दे. बिजागऱ्या आणि कडी पितळेची आहे ना, तेवढं बघ. लोखंड खाऱ्या वाऱ्यात एक पावसाळा काढत नाही.

ट्यूबमधला रंग पॅनमध्ये, म्हणजे पेटीतल्या छोट्या खणात, भरायचा तर पौषात भर. आधी अर्धा पॅन, तो आक्रसून घट्ट झाला की वर दुसरा थर. श्रावणात भरलास तर गणपती आले तरी बोटाला चिकटेल.

रंग झाकणाच्या लाकडावर कालवू नकोस. लाकडाच्या पिवळसर रंगामुळे डोळा फसतो. चिनीमातीची छोटी बशी बसव. पूर्वी लघुचित्रं काढणारे शिंपल्यांत रंग ठेवत. तुझ्या दारातच शिंपले पडलेले असतात, तेही वापरून बघ. समुद्राचं पाणी मात्र ब्रशला लावू नकोस, मीठ कागदात राहतं आणि पावसाळ्यात ओल ओढतं.

पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, लवकर सुकत नाही, अशी तक्रार तू केली आहेस. नाहीच सुकणार. दोन कागद घेऊन बस, एक सुकेपर्यंत दुसऱ्यावर काम कर. ओल्यावर घाईने दुसरा रंग टाकलास की चिखल होतो, आणि चिखल झाला की कागद पुसून पुसून खरवडण्याची तुझी सवय मला माहीत आहे.

जांभ्याचा लाल तू सगळीकडे सारखा लावतेस. नुकता काढलेला चिरा केशरी तांबडा असतो, पण बरेच पावसाळे खाल्लेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, काळपट पडतो, खालून शेवाळी. त्याच्यापाशी अर्धा तास नुसती बस, पेटी न उघडता.

आपला समुद्र पश्चिमेला, म्हणून सकाळी ऊन तुझ्या पाठीमागून येतं आणि सगळं सपाट दिसतं. चारनंतर जा. तेव्हा ऊन समोरून येतं, होड्या नुसत्या काळ्या आकारांनी उभ्या राहतात आणि मागचा सुवर्णदुर्ग किल्ला एकाच फिक्या वॉशमध्ये बसतो. तटाचे दगड मोजू नकोस.

दिवाळीत येशील तेव्हा पेटी घेऊन ये. झाकण घट्ट झालं असेल तर कडेला थोडा रंधा मारून देतो.

तुझे,
सर