थरथरत्या फळीवर पहिल्यांदा उभं राहताना

ताई, सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका अरुंद होणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजारात, चालणं सुटलं की मांड्या वाळतात. ही यंत्रावर थरथरणारी फळी (व्हायब्रेशन प्लेट) त्यांच्यासाठी. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात गंभीर रुग्णांनी नेहमीच्या व्यायामाला जोडून तिच्यावर अर्ध्या बैठका मारल्या. सहा मिनिटांत चालता येणारं त्यांचं अंतर इतरांपेक्षा जास्त वाढलं. जोडून, बरं का! चालणं सोडायचं नाही.

गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यांवर. पाय ताठ केलेत की थरथर थेट डोक्यात जाते, दात वाजतात. वर येताना ओठांचा चंबू करून हळू फुंकर घाला. श्वास अजिबात कोंडू नका. हलत्या बोटावर ऑक्सिमीटर चुकतो, म्हणून उतरल्या-उतरल्या बघा. ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली असेल तर थांबाच. रक्ताची गुठळी, ताजं फ्रॅक्चर किंवा मूतखडा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. यंत्र विकत घ्यायची घाई नको, सुरुवात फिजिओथेरपिस्टसमोरच करा.