शेतकामात अंगठी, कडे आणि डोरले काढून ठेवावे का?

आपण विचारले आहे की, लग्नात बोटात आलेली अंगठी आणि मनगटातले कडे शेतात व मळणी यंत्रावर काम करताना काढून ठेवणे खरोखर गरजेचे आहे, की ही उगाच घातलेली भीती आहे. आणि घरातील वडीलधाऱ्यांना दागिने उतरवणे अशुभ वाटत असताना पत्नीच्या डोरल्याचे म्हणजे मंगळसूत्राचे, बांगड्यांचे व जोडव्यांचे काय करावे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सोनारकाम करतो. ज्या वस्तू घडवून माझे घर चालते त्याच काढून ठेवा, असे मी सांगणार आहे. होय, कामावर जाताना त्या काढाव्यात, आणि अंगठी सर्वांत आधी काढावी.

बोटाचा मधला सांधा बोटाच्या मुळापेक्षा रुंद असतो आणि त्यामुळेच अंगठी सहजी गळून पडत नाही. ती खिळ्यात, कडीत किंवा पत्र्याच्या कडेत अडकली आणि त्याच क्षणी शरीराचे वजन खाली गेले, तर तो बंद वेढा बोटावरून ओढला जातो आणि जाताना कातडी सोबत नेतो, अगदी ओला मोजा उलटा होऊन निघावा तसा. बोटात स्नायू नसतात. कातडीखाली स्नायुरज्जू आणि हाडे असतात आणि दोन्ही बाजूंनी जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या धमन्या व त्यांच्या सोबतीने नसा जातात. कातडी निघाली की या धमन्याही तुटतात, आणि हाड दिसायला शाबूत असले तरी त्याला जगवणारे काही उरत नाही. बावीस कॅरटचे सोने मऊ असते, ते वाकेल, असा अनेकांचा समज आहे. हातोडीखाली ते मऊ असते हे खरे, परंतु चार-पाच ग्रॅमचा नीट सांधलेला वेढा झटक्याला तुटण्याआधी बोट तुटते. शनीच्या पीडेसाठी मधल्या बोटात घातली जाणारी घोड्याच्या नालेची लोखंडी अंगठी तर याहूनही कठीण.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या हंगामात माझा चुलतभाऊ ट्रॉलीवरून खाली उतरत होता. ट्रॅक्टर बंद होता, मळणी आटोपली होती आणि घाईचेही काही कारण नव्हते. त्याने फाळक्याची, म्हणजे ट्रॉलीच्या उघडणाऱ्या बाजूची, वरची कड धरून, आयुष्यभर टाकली तशीच उडी टाकली. फाळका अडकवण्याच्या आकड्यात अंगठी राहिली आणि तो जमिनीवर आला. हाताला झटका बसला एवढेच त्याला आधी वाटले, रक्त दिसले ते नंतर. जवळच्या माणसांनी जखमेवर हळद दाबली आणि तुटलेला भाग थेट बर्फाच्या तुकड्यांत घालून दिला. नागपूरला पोहोचल्यावर शल्यविशारदांनी सांगितले की आता बोट काढून टाकणेच योग्य. ती अंगठी त्याच्या लग्नासाठी मीच घडवली होती. पुढे ती माझ्या हाती आली तेव्हा मी ती मापाच्या सळईवर चढवून पाहिली. गोलाई थोडी बिघडली होती, डाक, म्हणजे वेढ्याची दोन टोके जोडणारा सांधा, मात्र जशीच्या तशी होती. एरवी इतक्या पक्क्या डाकेबद्दल मी गिऱ्हाइकासमोर बढाई मारली असती.

त्यानंतर मी या विषयाची माहिती मिळवत गेलो. या इजेसाठी शल्यविशारद अमेरिकी शल्यविशारद जेम्स अर्बानियाक यांनी १९८१ मध्ये मांडलेली विभागणी वापरतात: रक्तपुरवठा टिकून असलेली इजा पहिल्या वर्गात, रक्तपुरवठा अपुरा पडलेली दुसऱ्या वर्गात, आणि संपूर्ण कातडी सोलून निघालेली किंवा बोट तुटलेली तिसऱ्या वर्गात. धारदार पात्याने कापलेले बोट जोडणे त्या मानाने सोपे असते, कारण तेथे रक्तवाहिनीचे टोक स्वच्छ कापलेले असते. अंगठीने ओढलेल्या बोटात ती वाहिनी आतून बरीच लांबपर्यंत फाटलेली असते. अमेरिकेतील दूरचित्रवाणी निवेदक जिमी फॅलन २०१५ मध्ये आपल्याच स्वयंपाकघरात सतरंजीला अडखळून पडले, अंगठी ओट्याला अडकली, आणि सहा तासांची शस्त्रक्रिया व दहा दिवस अतिदक्षता विभाग असे ते प्रकरण झाले. आसपास चालते यंत्र असो वा नसो, उंचीवरून उतरणे, पडणे किंवा अचानक ओढ बसणे एवढे पुरते. बैल उधळला आणि कासऱ्याचा वेढा अंगठीवर आवळला गेला, तर तीही हीच ओढ होय.

असा प्रसंग कोणावर आलाच, तर तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट लागू देऊ नये, त्याने पेशी गोठून मरतात. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरावा आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयात फोन करून तडक तेथेच जावे.

कड्याचा आणि मनगटाच्या दोऱ्याचा प्रश्न यंत्रापाशी येतो. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद जोडलेल्या यंत्राला देणारा फिरता दांडा, सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. माणसाने हात मागे घ्यायचा ठरवून तो प्रत्यक्ष मागे येईपर्यंत दोन-तीन फेरे होऊन गेलेले असतात. थ्रेशरच्या तोंडाशी काड सारताना, कडबा कुट्टीत धांडे लोटताना किंवा सुटलेला पट्टा बसवताना स्टीलचे कडे, गंडा, ताईत, गळ्यातला गोफ आणि खांद्यावरचा दुपट्टा हे सारे यंत्राला धरायला दिलेले टोक असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ मध्ये, चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या माणसानेच करावे, असे म्हटलेले होते. तो कायदा कारखान्यासाठी होता, शेताला लागू नव्हता. पट्टा मात्र दोन्हीकडे सारखाच फिरतो.

डोरल्याबाबत एक गोष्ट सोनार म्हणून मुद्दाम सांगावीशी वाटते. पूर्वी काळी डोरल्याची पोत, म्हणजे मण्यांची सर, पटवेकरी हा दागिने ओवणारा कारागीर सुती धाग्यात ओवून देत असे. तो धागा घामाने कुजायचा, वर्षा-दोन वर्षांत बदलावा लागायचा आणि ओढ बसली की तुटायचा. मणी विखुरत, माणूस वाचत असे. आता गिऱ्हाईक टिकाऊपणा मागते, म्हणून आम्ही नायलॉनचा धागा, बारीक पोलादी तार किंवा सोन्याची साखळी वापरतो, आणि यांपैकी काहीही गळ्याच्या आधी तुटेल याची हमी मी देऊ शकत नाही. आपल्या पत्नीचे काम निंदण, वेचणी किंवा रोवणीचे असेल तर पोत पोलक्याच्या आत घेतली तरी चालण्यासारखे आहे. थ्रेशर, कुट्टी किंवा पीठगिरणीजवळ मात्र ती गळ्यात नसावी. काचेच्या बांगड्या फुटून मनगट कापते हे प्रत्येक घरात ठाऊक आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

विजेच्या कामाकडे फार दुर्लक्ष होते. चांदी हा विजेचा सर्वोत्तम वाहक आहे, तांबे आणि सोने तिच्या खालोखाल येतात, म्हणजे आपण नेमके वाहकच बोटात घालून मोटारपंपाच्या पेटीत हात घालतो. तेथे ४१५ व्होल्टचा तीन फेजचा पुरवठा असतो आणि हात बहुधा ओला असतो. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची असल्याने तिचा झटका बसत नाही, त्यामुळे तिला कोणी भीत नाही. परंतु बॅटरीच्या धन टोकाला लागलेला पाना अंगठीला टेकला आणि अंगठी दुसऱ्या बाजूने ट्रॅक्टरच्या सांगाड्याला लागली, तर त्या वेढ्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह जातो. अंगठी काही क्षणांत इतकी तापते की बोटाभोवती गोल भाजते, आणि गरम अंगठी काढताही येत नाही.

याहून निराळा धोका सुजेचा आहे. घोणस चावल्यास, आग्यामोहाच्या माश्या डसल्यास किंवा हात चेंगरल्यास बोट फुगू लागते आणि अंगठी फासासारखी आवळून रक्तपुरवठा तोडते. अशा वेळी दवाखान्यात नेण्यासाठी गाडी येईपर्यंत दंश झालेल्या हाताच्या अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. दंश पायाला असेल तर जोडवी आणि पैंजण काढावेत. शेतात दंश बहुधा पायालाच होतो आणि जोडव्यांचा विचार घाईत कोणाला सुचत नाही. फवारणीच्या दिवसांत अंगठीखाली आणि मनगटाच्या दोऱ्यात औषध मुरून राहते, हात धुतले तरी ते तेथून निघत नाही, आणि त्याच हाताने माणूस भाकरी खातो. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्यामागची कारणे अनेक होती आणि दोऱ्याकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. पण ज्या वाटेने विष अंगात जाते त्या वाटांपैकी कातडी ही एक आहे.

अंगठी निघतच नसेल, तर थोडा वेळ हात उंच धरून, थंड पाण्यात बुडवून, साबण लावून पाहावे. तेवढ्याने न भागल्यास गुळगुळीत धाग्याचे एक टोक अंगठीखालून तळव्याकडे काढावे, उरलेला धागा अंगठीपासून मधल्या सांध्याच्या पुढपर्यंत वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळावा आणि मग तळव्याकडचे टोक उलगडत जावे. अंगठी धाग्यावरून पुढे सरकत येते. बोट निळे पडले असेल किंवा जखम असेल तर हा प्रयोग करू नये. सोन्या-चांदीची अंगठी कोणताही सोनार काही मिनिटांत कापून देतो. टंगस्टन कार्बाइडच्या काळ्या अंगठ्या हल्ली मुले आंतरजालावरून मागवतात, त्या माझ्या कातरीने कापल्या जात नाहीत, पकडीत हळूहळू दाबून तडकवाव्या लागतात.

काही जण वेढ्याला बारीक काप ठेवून द्या म्हणतात. तशी अंगठी झटक्याला उघडण्याची शक्यता वाढते, म्हणून मी ती करून देतो. परंतु यंत्रावर आणि विजेच्या पेटीपाशी ती घालू नका, असेही सोबत सांगतो. सिलिकॉनची अंगठी ओढ बसली की तुटते आणि वीज वाहून नेत नाही, तेव्हा बोट रिकामे ठेवणे घरात अगदीच चालणार नसेल तर ती बरी.

राहिला अशुभाचा प्रश्न. डोरले दुरुस्तीला किंवा उजळायला टाकताना आमच्याकडच्या बाया तेवढ्या वेळासाठी हळकुंड बांधलेला पिवळा सुती दोरा गळ्यात घालतात, आणि त्याला आजवर कोणत्याही सासूने हरकत घेतल्याचे मी माझ्या दुकानात पाहिलेले नाही. मळणीच्या दिवशी तोच दोरा घालावा आणि डोरले देव्हाऱ्यात ठेवावे. तो दोरा ओढ बसताच तुटेल इतका बारीक असावा, दुहेरी पीळ देऊ नये. आपल्या अंगठीचे म्हणाल तर ती रोज सहज निघाली पाहिजे. कामाने आणि उन्हाने बोट संध्याकाळी फुगलेले असते, म्हणून माप संध्याकाळी द्यावे. थंडीतल्या सकाळी दिलेल्या मापाच्या अंगठ्या मला उन्हाळ्यात कापाव्या लागतात.