भूतानला दिलेले पैसे : अनुदान किती, कर्ज किती?

प्रश्न : केंद्रीय अर्थसंकल्पात परदेशांसाठी ठेवलेल्या मदतीपैकी सर्वांत मोठा वाटा भूतानला जातो, असे वाचनात आले. आठ लाखही वस्ती नसलेल्या देशाला आपण एवढे पैसे फुकट देतो का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘फुकट’ हा शब्द येथे अर्धाच लागू पडतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भूतानसाठी २,१५० कोटी रुपयांची तरतूद होती आणि इतर कोणत्याही देशापेक्षा ती मोठी होती, हे खरे आहे. भूतानची १९६१ मध्ये सुरू झालेली पहिली पंचवार्षिक योजनाच भारताच्या पैशावर उभी राहिली. सध्याच्या तेराव्या योजनेसाठी भारताने १०,००० कोटी रुपये देऊ केले असून ती रक्कम आधीच्या योजनेच्या दुप्पट आहे. रस्ते, शाळा, दवाखाने यांसाठीचा हा पैसा मुख्यतः अनुदान म्हणून जातो आणि तो परत मागितला जात नाही.

जलविद्युत प्रकल्पांचा हिशेब मात्र निराळा आहे, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. ३३६ मेगावॉटचा चुखा प्रकल्प आणि त्यानंतरचा १,०२० मेगावॉटचा ताला प्रकल्प यांना भारताने ६० टक्के अनुदान व ४० टक्के कर्ज दिले. २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या ७२० मेगावॉटच्या मांगदेछू प्रकल्पापर्यंत येता येता अनुदान ३० टक्क्यांवर उतरले, कर्ज ७० टक्क्यांवर चढले आणि कर्जावरचा व्याजदर १० टक्के झाला. एवढ्या व्याजाच्या कर्जाला मदत म्हणावे का, हा प्रश्न भूतानमध्ये विचारला जातो आणि तो गैर नाही. पुनात्सांगछू-१ या आणखी एका जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाजागी डोंगर सरकू लागल्याने काम वर्षानुवर्षे रखडले आणि खर्च मूळ अंदाजाच्या अडीच पटींपलीकडे गेला. त्यातला ६० टक्के वाटा कर्जाचा असल्याने भूतानच्या डोक्यावरचा बोजाही तेवढाच फुगला.

या व्यवहारात भूतानची एक सोय मात्र आहे. तेथील चलन, न्गुलत्रुम, आपल्या रुपयाशी एकास एक बांधलेले असल्याने रुपयांतले कर्ज विनिमय दरामुळे वाढत नाही. शिवाय तयार झालेली जादा वीज भारतच विकत घेतो. हिवाळ्यात नद्या आटल्या की उलट भूतानलाच आपल्याकडून वीज घ्यावी लागते.

आपल्याला काय मिळते, हे आपण विचारले नसले तरी ते प्रश्नात आहेच. वीज मिळते, आणि चीनच्या सीमेवर एक विश्वासू शेजारी मिळतो. या विश्वासावर ओरखडा उठला तो जुलै २०१३ मध्ये. भूतानची सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना भारताने स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यांवरची सवलत थांबवली आणि थिंफूतील घरांना सिलिंडरसाठी एकाएकी कितीतरी जास्त पैसे मोजावे लागले. पंचवार्षिक योजनेची मुदत संपल्याचे कारण देण्यात आले; पण तेव्हाचे पंतप्रधान जिग्मे थिनले आदल्या वर्षी चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते, हे भूतानी मतदार विसरले नव्हते. थिनले यांचा पक्ष हरला, आणि महिनाभरात सवलत पुन्हा सुरू झाली.