वाचकांचे प्रश्न : संडे स्कूलमधील विज्ञानाचे प्रयोग

प्रश्न : मी आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. सुट्टीतील बायबल वर्गासाठी मी काही प्रयोगांच्या चित्रफिती पाहिल्या. एकीत पाण्यात आयोडीन टाकून पापाचा डाग दाखवतात आणि हायपोची (सोडियम थायोसल्फेटची) पूड घालून पाणी पुन्हा नितळ करतात, म्हणजे ख्रिस्ताच्या रक्ताने पाप धुतले गेले. दुसरीत पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन ओतून कर्मेल डोंगरावरील एलीयाचा अग्नी पेटवतात. मुलांना हे नक्की आवडेल. परंतु मंडळीतील एक वडीलधारे म्हणतात की असली जादूगिरी मंदिरात नको. आपले मत काय?
— एक शिक्षिका, जालना

उत्तर : भगिनी, प्रयोग करण्यास आमची हरकत नाही, मात्र आपण निवडलेल्या दोन्ही प्रयोगांना आहे.

आधी अग्नीचे पाहू. बायबलमधील 1 राजे, अध्याय 18 मध्ये, खरा देव कोण हे स्वर्गातून पडणाऱ्या अग्नीने ठरावे म्हणून, एलीया संदेष्टा बआल या दैवताच्या संदेष्ट्यांसमोर उभा राहतो. तेव्हा तो होमबलीवर आणि लाकडांवर चार घागरी पाणी तीन वेळा ओतायला लावतो, ते यासाठी की यात हातचलाखी आहे असे म्हणायला कोणाला जागा राहू नये. तोच प्रसंग आपण लपवलेल्या रसायनाने उभा करतो, तेव्हा नकळत बआलाच्या संदेष्ट्यांना हवे असलेले उत्तरच मुलांच्या हाती देतो. शिवाय आपल्या राज्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बुवाबाजी उघडी पाडण्यासाठी शाळाशाळांतून नेमका हाच प्रयोग करून दाखवतात. ज्या मुलाने तो शुक्रवारी शाळेत भोंदूगिरीचा नमुना म्हणून पाहिला, त्याला तो रविवारी देवाचे सामर्थ्य म्हणून दाखवला, तर ते मूल काय समजेल हे सांगायला नको. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो चमत्कार रंग बदलणाऱ्या रसायनाने दाखवण्याचीही एक पद्धत आहे, तिलाही हेच लागू पडते. परमँगनेट आणि ग्लिसरीन यांचा भडका काही क्षण उशिराने आणि एकदम उडतो, त्यामुळे ‘पेटले का नाही’ म्हणून वाकून पाहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याला इजा होऊ शकते, ही गोष्ट वेगळीच.

आयोडीनच्या प्रयोगात धोका कमी आहे, पण दाखला लंगडा आहे. हायपोमुळे आयोडीन नाहीसे होत नाही. त्याचे रंगहीन आयोडाइड बनते आणि ते त्याच पाण्यात राहते. थोडे आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातले, तर तपकिरी रंग परत येऊ शकतो. पापक्षमेची शिकवण तशी नाही. एखाद्या मुलीच्या कॉलेजात शिकणाऱ्या दादाने तिला घरी एवढे सांगितले, तरी आपला सगळा धडा उलटा फिरेल.

म्हणून आमची कसोटी अशी की शास्त्रवचन ज्या वस्तूविषयी बोलते, तीच वस्तू मुलांच्या हाती द्यावी आणि तिच्यात खरोखर जे घडते तेच दाखवावे. प्रभू येशूचे दाखले मीठ, खमीर, मोहरी, दिवा, पेरणी यांचेच आहेत. बाहेरून रसायने आणण्याचे कारणच नाही.

उदाहरणार्थ, मत्तय 5:13 मध्ये मिठाचा खारटपणा गेला तर काय, असे विचारले आहे. विज्ञान शिकलेला मुलगा म्हणेल की सोडियम क्लोराइडचा खारटपणा जाऊच शकत नाही, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. अनेक अभ्यासकांच्या मते त्या काळी मृत समुद्राच्या काठचे मीठ इतर क्षार आणि माती यांनी मिश्रित असे; ओल लागून त्यातील मीठ विरघळून गेले की उरे तो बेचव गाळ. हे वर्गात करून पाहता येते. दोन चमचे मीठ चार चमचे धुतलेल्या बारीक वाळूत कालवावे, सुती फडक्यात त्याची पुरचुंडी बांधावी आणि पातेल्यावर धरून तिच्यावर पेलाभर पाणी थेंबाथेंबाने सोडावे. पातेल्यातील पाणी पसरट ताटात उन्हात ठेवले की पाणी आटून मिठाचे कण तळाशी दिसू लागतात. पुरचुंडीत मात्र नुसती वाळू. ती वाळू मुलांनाच पायवाटेवर टाकायला सांगावी. त्याच वचनातील ‘पायांखाली तुडवले जावे’ हे शब्द मग वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

खमिराचाही प्रयोग सोपा आहे : बाटलीत कोमट पाणी, साखर आणि यीस्ट घालून तोंडाला फुगा बसवावा, आणि तो फुगू लागला की यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते हे सरळ सांगावे. एवढे लक्षात असू द्या की मत्तय 13:33 मध्ये खमीर स्वर्गाच्या राज्यासारखे आहे, तर 1 करिंथ 5 मध्ये तेच दुष्टपणाचे. मोठ्या मुलांना दोन्ही वचने वाचायला द्यावीत. त्यांना ते झेपते.

प्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे हे स्वतः सँडेमनियन नावाच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, होते. 1860–61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. ती व्याख्याने ज्योत, मेण, हवा आणि श्वास यांविषयीच होती. शेवटी मात्र, तुम्हीही मेणबत्तीसारखे भोवतालच्यांना प्रकाश द्या, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. विज्ञान पुरते सांगून झाल्यावर एक वाक्य, तेही कशाचा पुरावा म्हणून नव्हे. आपल्या वर्गातही प्रमाण साधारण असेच राहू द्यावे.

प्रश्न : संडे स्कूलच्या सरांनी पाण्यात आरसा ठेवून भिंतीवर इंद्रधनुष्य पाडले आणि ही नोहाला दिलेली खूण आहे असे सांगितले. सहावीतली माझी मुलगी म्हणते, हे तर प्रकाशाचे अपस्करण, म्हणजे प्रकाश रंगांत विभागणे, आहे. तिला काय सांगू?
— एक आई, पुणे

उत्तर : तिचे बरोबर आहे असे सांगा. बायबलमधील उत्पत्ती 9 मध्ये, पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश करणार नाही असा जो करार देवाने नोहाशी केला, त्याची खूण धनुष्य ठरवले आहे. ते कसे तयार होते हे तिथे सांगितलेले नाही, त्यामुळे तिला दोहोंपैकी एक निवडावे लागत नाही. सूर्य पाठीशी हवा, आणि तो क्षितिजापासून 42 अंशांहून वर चढला की सपाट जमिनीवर उभ्या माणसाला पावसातले इंद्रधनुष्य दिसत नाही, हेही तिला सांगा. यंदा श्रावणात वेळ आणि दिशा तिची तिलाच टिपून घेऊ द्या.