तेलाचा एवढा पैसा, मग जावईबापूंचा पगार काहून थकला?

प्रश्न : सर, आमचे जावई सौदीत रियाधजवळ एका साइटवर शटरिंगचं काम करायचे. २०१५ च्या दिवाळीपर्यंत पगार टायमावर, मग थकायला लागला, मेस बंद झाली आणि २०१६ ला एक ब्लँकेट अन् खजुराचा डबा घेऊन घरी आले. तिथं तर जमिनीतून तेल निघते, सरकार एवढं खर्च करते, मग असं काहून? आता पुन्हा एजंट मागं लागला आहे, जाऊ द्यावं का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, सरकार एवढं खर्च करते म्हणूनच असं होते. तेल काढायला माणसं फार लागत नाहीत, पैसा आधी सरकारच्या तिजोरीत जातो आणि तिथून पगार, सबसिडी, रस्ते, टॉवर असा बाहेर पडला की मगच दुकानं अन् साइटी चालतात. २०१४ च्या मध्यात तेल १०० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्याही खाली. तिजोरी आटली, ठेकेदारांची बिलं अडकली, त्यांनी मजुरांचे पगार अडकवले. त्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारला राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना तिथं अडकलेल्या मजुरांसाठी जेद्दाला धाडावं लागलं होतं, आठवत असेल.

आपल्याकडं तरी वेगळं काय आहे म्हणा. कापसाला भाव लागला की गावात बुलेट येते, लग्नात डीजे, घरावर स्लॅब, आणि २०१७ सारखी गुलाबी बोंडअळी आली की कृषी केंद्राची उधारी अन् सोनाराकडं गहाण. तेलवाले देशही बरेचदा असंच करतात, भाव चढला की खर्च चढवतात, उतरला की कापतात, त्यामुळे तेजी आणखी फुगते अन् मंदी आणखी खोल जाते. सौदीनं सप्टेंबर २०१६ ला सरकारी नोकरदारांचे भत्ते कापले, एप्रिल २०१७ ला परत दिले. कोरोनात तेल पडलं तर जुलै २०२० पासून व्हॅट ५ टक्क्यांवरून एकदम १५! लोकांचे खिसे रिकामे, नेमकं तेव्हाच.

दुसरं म्हणजे खर्च झालेला पैसा तिथं टिकत नाही. मशीन बाहेरची, सामान बाहेरचं, मजूर बाहेरचा. जावईबापूंनी पाठवलेल्या रियालमधून दारव्ह्यात टिनाचं छत पडलं असेल तर तेवढी ग्रोथ आपल्या तालुक्यात झाली, रियाधात नाही.

आणि खर्च कशावर, हे तर विचारूच नका. सौदीनं १९८० च्या दशकात तिथल्याच शेतकऱ्यांकडून जगाच्या भावाच्या कितीतरी पट देऊन गहू घेतला. आपण हमीभावासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढतो अन् तिथं वाळवंटात गहू पिकवायला असा भाव! खोल बोअर, गोल फिरणारे स्प्रिंकलर, वरून पाहिलं तर वाळूत हिरव्या थाळ्या मांडल्यासारखं, आणि १९९० च्या सुमारास हा देश गव्हाच्या मोठ्या निर्यातदारांत. आकड्यात शेती जोरात वाढली, पण जमिनीतलं ते पाणी हजारो वर्षांचं, पाऊसच नाही तर भरणार कुठून, शेवटी २००८ ला सरकारनं ही खरेदी हळूहळू बंद करायचं ठरवलं.

नॉर्वेनं वेगळं केलं. तेलाचा सरकारी पैसा एका फंडात टाकला, १९९६ पासून, आणि तो देशाबाहेर गुंतवला म्हणजे घरचा बाजार फुगू नये. २००१ पासून नियम असा की फंडाच्या साधारण ४ टक्के, म्हणजे फंडाला जेवढा परतावा अपेक्षित तेवढंच खर्चाला काढायचं, २०१७ ला ते ३ वर आणलं. अडचणीच्या वर्षी जास्त काढता येते, भाव पडला म्हणून शाळा-दवाखान्याचा खर्च लगेच कापावा लागत नाही. अर्थात तेल सापडायच्या आधीच तिथं टॅक्स भरणारे लोक अन् हिशोब विचारणारी संसद होती, हे सांगायचं लोक विसरतात.

जावईबापूंना जाऊ द्या, पण आधी विचारा, काम सरकारी ठेक्याचं आहे का, आणि त्या साइटवर आत्ता असलेल्या दोन पोरांना व्हॉट्सअॅपवर फोन लावून मागचा पगार कोणत्या तारखेला पडला ते कळून घ्या. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर रजिस्टर आहे का पाहा. नसेल तर त्याला चहा पाजा अन् पासपोर्ट घरीच ठेवा.