अ‍ॅनिव्हर्सरीला चिंक्वे तेर्रे करताय तर
अरे इटलीला जाताय ना, मग पाच दिवसांत तीन देश अजिबात नको, चिंक्वे तेर्रेतच, म्हणजे समुद्रकाठच्या त्या पाच गावांतच, चार रात्री राहा. गाडी भाड्याने घेऊ नका, पाचही गावं जवळच्या ला स्पेत्सिया शहराहून ट्रेनने जोडलीत, एका गावातून दुसऱ्यात काही मिनिटांत. हॉटेल त्या पाचातल्या मोंतेरोस्सोत बघ, मोठा वाळूचा बीच तिथेच आणि चढउतारही कमी, वहिनींचे गुडघे दुखतात म्हणालास म्हणून सांगतोय. कोर्निल्या गावाला स्टेशनपासून वर साडेतीनशेहून जास्त पायऱ्या, तिथे बसच घ्या. फारिनाता खा, बेसनाची असते, आपल्या धिरड्याची बहीणच! संध्याकाळ मात्र मानारोला गावात, आम्ही दोघं खडकावर दोन तास नुसते बसलो होतो, फोन बॅगेत. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, ते आजच बघून घे.