गाळा थांबवा, आधी तिला वर्षभर आयसीयूत काम करू द्या

नमस्कार,

भांडुपहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलीचं बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालं, इंटर्नशिप संपत आली. स्टेशनजवळचा एक गाळा तुम्ही बघून ठेवलाय, तिनं तिथे क्लिनिक टाकावं असं तुम्हाला वाटतं. ती मात्र आयसीयूतच काम करायचं, पुढे कार्डिओ-रेस्पिरेटरीमध्ये (हृदय आणि फुप्फुसांच्या विषयात) एमपीटीएच, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करायची, यावर अडून बसली आहे. "साडेचार वर्षं शिकून बेशुद्ध माणसांचा कफच काढायचा का?" असं तुम्ही विचारलंय. पैसे आणि इन्फेक्शन या दोन काळज्याही लिहिल्या आहेत.

आधी कफाबद्दल. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या श्वासनलिकेत नळी असते, गुंगीची औषधं चालू असतात, त्यामुळे त्याला धड खोकता येत नाही. कफ साचतो, फुप्फुसाचा एखादा भाग मिटतो, ऑक्सिजन घसरतो, न्यूमोनियाची भीती वाढते. फिजिओथेरपिस्ट स्टेथोस्कोपनं छाती ऐकते, एक्स-रे बघते, व्हेंटिलेटरवरचे आकडे वाचते आणि पेशंटला कुठल्या कुशीवर वळवायचं ते ठरवते. मग हातानं छातीला कंप देऊन कफ मोठ्या नळ्यांकडे आणायचा आणि सक्शन करायचं, म्हणजे बारीक नळीनं (कॅथेटरनं) तो ओढून काढायचा. सक्शनआधी ऑक्सिजन वाढवावा लागतो आणि एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या आत कॅथेटर बाहेर काढावा लागतो, कारण तेवढ्यातही ऑक्सिजन किंवा हृदयाचे ठोके खाली येऊ शकतात.

आता तोच कफ, पण पेशंट लोकलमधून पडलेला. मुंबईतल्या सायन हॉस्पिटलच्या ट्रॉमा (अपघात) वॉर्डात असे पेशंट नवीन नाहीत. डोक्याला मार असेल तर सक्शननं मेंदूतला दाब वाढतो. बरगड्या मोडल्या असतील तर छाती ठोकता येत नाही. पण कफ तर साचतोच आहे. तेव्हा आज किती करायचं, काय टाळायचं, कधी डॉक्टरांना सांगून थांबायचं, हे तिथे उभं राहून ठरवावं लागतं. तुमची मुलगी जे शिकू पाहते आहे ते हे ठरवणं आहे, आणि माझ्या मते फिजिओथेरपीतलं सर्वांत अवघड काम हेच.

दुसरा भाग हालचालीचा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात गंभीर पेशंटच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत जवळपास 18 टक्के बारीक झालेला आढळला. जीव वाचतो, पण माणूस घरी जातो तेव्हा त्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. 2009 मध्ये अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या 104 पेशंटवर एक चाचणी झाली. ज्यांना गुंगी थोडा वेळ थांबवून अगदी लवकर हालचाल दिली, त्यांच्यातले 59 टक्के हॉस्पिटलमधून निघताना स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण 35 टक्के होतं. यावरून कोणी म्हणेल, मग सगळ्यांना लवकर आणि भरपूर हलवा. तेही तपासलं गेलं. 2022 मध्ये 750 पेशंटच्या मोठ्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त हालचाल देऊन फायदा दिसला नाही, उलट रक्तदाब आणि हृदयाच्या लयीचे त्रास वाढले. म्हणजे सरसकट नियम चालत नाही. समोरच्या पेशंटला आज बेडच्या काठावर बसवायचं की नुसते पाय हलवायचे, हे जाणकार माणसानंच ठरवायचं.

हे खूळ कालचं नाही, हेही सांगतो. 1952 च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीनं हातानं पिशवी दाबून पेशंटचा श्वास चालू ठेवला; आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात. आपल्या परळच्या केईएम हॉस्पिटलमधली फिजिओथेरपीची शाळा, देशातली पहिली, त्याच सुमारास आणि पोलिओच्याच गरजेतून उभी राहिली. 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (नसांवर घाला घालून स्नायू लुळे करणारा आजार) पेशंट व्हेंटिलेटरवर गेले, तेव्हाही श्वास आणि स्नायू पुन्हा कामाला लावायला हीच माणसं लागली.

आता तुमच्या काळज्या. पैशाबद्दल तुम्ही चुकीचे नाही. क्लिनिकमध्ये पेशंट तुमच्या मुलीच्या नावानं येतो, आयसीयूत तो हॉस्पिटलचा असतो. खाजगी ठिकाणी सुरुवातीचा पगार शिक्षणाच्या मानानं कमी वाटेल, पालिकेच्या जागा मोजक्याच निघतात. पण मार्ग इथेच संपत नाही. गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी (छेद देऊन श्वासासाठी बसवलेली नळी) घेऊन घरी जाणारे पेशंट, फुप्फुसाचे जुने आजार असलेले वृद्ध, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले लोक या सगळ्यांना पुढे घरी फिजिओथेरपी लागते, आणि ज्यानं आयसीयू पाहिलाय त्याच्यावर घरचे लवकर विश्वास टाकतात.

इन्फेक्शनचा धोका खरा आहे. मुंबईत औषधांना न जुमानणारा टीबी आहे, आणि सक्शन करताना आपलं तोंड पेशंटच्या जवळ असतं. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली का, हे तिला आजच विचारा. नोकरी ठरवताना एन-95 मास्क मागावे लागतात की हाताशी असतात, हे तिनं स्वतः बघावं. जिथे मास्कसाठी भांडावं लागतं तिथे जाऊ नये. या बाबतीत तडजोड नको, पगार चांगला असला तरी.

तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पंधरा दिवस जिच्या श्वासासाठी मेहनत केली ती बाई सोळाव्या दिवशी दगावते, आणि तासाभरात त्याच बेडवर दुसरा पेशंट येतो. इंटर्नशिपमध्ये हे थोडं दिसतं, पण तेव्हा जबाबदारी वरिष्ठांची असते. हे तिला झेपेल की नाही, ते तुम्हाला, मला किंवा तिलाही घरी बसून कळणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा. गाळ्याचं भाडं सध्या सुरू करू नका, आणि एमपीटीएचची घाईही नको. कौन्सिलची नोंदणी झाली की तिनं जिथे फिजिओथेरपिस्ट रोज डॉक्टरांबरोबर राउंड घेतात अशा मोठ्या आयसीयूत एक वर्ष नोकरी करावी. मुलाखतीत तिनंच विचारावं: एका फिजिओकडे किती बेड असतात? रविवारी कोण असतं? हालचाल द्यायची की नाही हे कसं ठरतं? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं हॉस्पिटल बघावं. वर्षाच्या शेवटीही तिचं मन तिथेच असेल, तर राज्य सीईटी सेलची पीजीपी-सीईटी (एमपीटीएचची प्रवेश परीक्षा) द्यावी आणि कार्डिओ-रेस्पिरेटरीच घ्यावी. मार्कांवर दुसरा विषय मिळतोय म्हणून तो घेऊ नये. मन उतरलं तर क्लिनिकचा विचार करायला तेव्हाही उशीर झालेला नसेल.

आणि तिच्याशी बोलताना "कफ काढणं" हे शब्द टाळा. तिला ते लागले असणार. त्याऐवजी या आठवड्यात तिनं कुठला पेशंट बघितला ते विचारा आणि तिला पूर्ण बोलू द्या.